ढोलीतले बूट

मोहाडीच्या आठवडी बाजारात भैय्यालाल चपला-बूट घेऊन बसतो. चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली पोत्यावर जोडांची रास. चंद्रकला वर्षातून एकदा, शाळा उघडायच्या सुमाराला, मुलीला घेऊन त्याच्याकडे जाते, आणि भैय्यालाल लांबूनच हाक घालतो, "आली बाप्पा, दीड जोडवाली आली!"

दीड जोडवाली अशासाठी, की अपेक्षाचा डावा पाय पाच नंबरचा आहे आणि उजवा साडेतीनचा. पाचाचा जोड घ्यायचा आणि उजव्या बुटात पुढे चिंधी कोंबायची, हे दर वर्षीचं. गेल्या जूनमध्ये चिंधी कोंबणं चाललं होतं, तेव्हा शेजारी चपला उलटसुलट करून पाहणाऱ्या एका बाईनं विचारलंच, "काय झालं वं पोरीच्या पायाले?"

चंद्रकलाचं उत्तर तयार असतं. "जन्माचाच वाकडा होता जी. डॉक्टरनं सरळ केला होता. मंग दांडीचे बूट देल्ले, झोपताना घालायले. पण ही लाथा मारे अन् काढून फेके. पाय फिरला वापस."

"लय जिद्दी होती म्हना की."

"होती नं मावशी," अपेक्षा हसत म्हणाली. "तवा मीच लाथा मारल्या, आता मीच चिंध्या भरून राहिली."

बाई हसली, भैय्यालाल हसला. चंद्रकला खाली वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती.

ते उत्तर खोटं होतं, आणि हे माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं, ती स्वतः, असं चंद्रकला समजत होती.

एरवी ती खोटं बोलणारी बाई नव्हे. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, तिच्या टोळीत वीस-बावीस बायका असतात. कोणी रोपं विरळ लावून आपल्या वाट्याची बांधी उरकली, तर मालकानं पाहण्याआधी चंद्रकलाच उपटायला लावते. "खाऊन राहिली नं त्याच्या घरची न्याहारी? मंग लाव बरोबर." नवरा तुलाराम गंमतीनं म्हणतो, हिला तलाठी करायला पाहिजे होतं. या एका गोष्टीत मात्र ती पंधरा वर्षं वाकड्या वाटेनं चालत आली होती, आणि मुलीलाही चालवत आली होती.

अपेक्षा जन्मली तेव्हा तिचा उजवा पाय घोट्यापासून आत वळलेला होता, तळवा वरच्या बाजूला, गोल्फाच्या काठीसारखा म्हणतात तसा. गावात कोणी गोल्फ पाहिला नव्हता. सासूबाईंना, गोदावरीबाईंना, तो विळ्यासारखा दिसला. त्यांनी हळूच विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतं का वं?" चंद्रकलानं काही चिरलं नव्हतं. ती दिवसभर खाटेवर सरळ पडून होती. तरी प्रश्न ऐकून तिची मान खाली गेली, आणि पुढे बारशापर्यंत ती वर आलीच नाही. बारशाला बायका पाळण्यात डोकावत, तेव्हा ती पायांवरची दुपटी सारखी ओढून घेत होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, यात कोणाची चूक नसते. हजारात एखाद्या लेकराला होतं. दर मंगळवारी प्लास्टर बदलायचं, पाय थोडाथोडा बाहेर आणायचा. प्लास्टर गुंडाळायला बाबुलाल नावाचा माणूस होता, पांढऱ्या हातांचा. लेकरू कितीही किंचाळलं तरी याची बडबड थांबत नसे. "रड माय, रड. मोठी झाल्यावर मलेच लाथ मारजो. पण सरळ पायानं मारजो."

सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागची शीर सुईच्या टोकाएवढ्या छेदानं मोकळी केली, आणखी तीन आठवडे प्लास्टर, आणि ते निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. सरळ म्हणजे इतकं सरळ, की चंद्रकलानं दोन्ही पावलं शेजारी शेजारी धरून पाहिली आणि दवाखान्यातच रडली.

मग ते बूट मिळाले. बोटभर लांबीचे दोन पांढरे बूट, लोखंडी दांडीवर पक्के बसवलेले. तीन महिने दिवसरात्र, त्यानंतर चार वर्षांची होईपर्यंत प्रत्येक झोपेला. बाबुलालनं पट्टे कसे आवळायचे ते तिच्याकडून तीनदा करवून घेतलं. "ताई, सरळ आमी केला. राखाचा तुमाले हाये. बूट सोडले का पाय आपल्या जुन्या घरी जाते."

चंद्रकलानं राखला. रोवणीत ती लेकराला दांडीसकट पाठीशी बांधून बांधावर नेत असे. दिवाळी गेली आणि गावात मंडई आली.

आमच्या इकडे मंडई म्हणजे नुसती जत्रा नव्हे. दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई ठरलेल्या दिवशी भरते, घराघरात सोयरे येतात, चार-चार दिवस राहतात, आणि निम्म्या सोयरिकी तिथेच जुळतात. त्या वर्षी चंद्रकलाच्या नणंदेला, उषाला, पाहायला नाकाडोंगरीहून माणसं येणार होती. मुलाची आई, मावशी, दोन आत्या. सगळ्या बायका आतल्या खोलीत झोपणार, जिथे अपेक्षाचा पाळणा होता.

गोदावरीबाई एवढंच म्हणाल्या, "सोयरे येऊन राहिले." बूट काढ असं त्या म्हणाल्या नाहीत. हे चंद्रकलाला चांगलं आठवतं, कारण पुढे कितीतरी वेळा तिनं ते वाक्य घासूनपुसून पाहिलं, त्यात कुठे हुकूम सापडतो का म्हणून. सापडला नाही. तुलारामनंही काही म्हटलं नाही. दांडीचे बूट पाहून त्या बायका विचारतील, या घराण्यात लंगडी लेकरं होतात का, हा विचार चंद्रकलाच्या एकटीच्या डोक्यात आला. तिनं बूट काढले, फडक्यात गुंडाळले आणि धानाच्या ढोलीत, बांबूच्या त्या सारवलेल्या कोठीत, हात कोपरापर्यंत खुपसून पुरले.

मंडई झाली, सोयरीक जुळली. चार दिवसांनी बूट पुन्हा घालायचे होते. पण त्या चार दिवसांत अपेक्षा बिनदांडीची इतकी गाढ झोपली, आणि तिच्याबरोबर चंद्रकलाही, की पाचव्या दिवशी ती म्हणाली, उद्या घालू. मग साखरपुड्याची माणसं आली. मग लग्नाची बोलणी. पाय तर सरळच होता. लेकरू वर्षाचं होऊन चालायला लागलं, तेव्हा आता कायले, असं तिला मनापासून वाटलं. बूट घालणं-काढणं तिचंच काम, घरात कोणी कधी विचारलं नाही.

दवाखान्यात दाखवायला जायचं असे, तेव्हा ती आदल्या दिवशी बूट ढोलीतून काढी. पाय वाढला की मोठ्या मापाचे मिळत, तेही ढोलीतच जात आणि नव्यासारखे दिसत. म्हणून ती पट्ट्यांवर गोडेतेल आणि चुलीची राख चोळी, आतून ओल्या हातानं मळवी. मॅडम विचारत, "घालता ना?" आणि ती म्हणे, "घालून राहिली जी. रोज." बाबुलाल बूट हातात घेऊन नाकाशी नेई, परत देई, काही बोलत नसे.

तिसऱ्या वर्षी अपेक्षाचा पाय आत पडायला लागला. आधी दमल्यावर, मग नेहमी. मॅडमनी पाऊल हातात घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "बूट घातले होते ना, चंद्रकलाताई?"

"घालत होती जी," ती म्हणाली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "पण ही लाथा मारते. काढून टाकते."

अपेक्षा त्या वेळी टेबलावर बसून बिस्किट खात होती.

पुन्हा प्लास्टरं आली. सहा वर्षांची झाली तेव्हा ऑपरेशन झालं, पावलाच्या आतल्या बाजूची शीर बाहेरच्या बाजूला नेऊन बसवली. पहिलीचे चार महिने गेले. पाय बराच सुधारला, पण पोटरी बारीकच राहिली आणि घोटा पूर्ण वळेना. लाथा मारण्याची गोष्ट मात्र घरात मोठी होत गेली. आजीनं सांगितली, उषाआत्यानं सांगितली, शेवटी अपेक्षा स्वतःच सांगायला लागली, आणि सगळ्यांपेक्षा चांगली सांगायची, कारण तिला हसवता यायचं.

या वर्षी माघात दवाखान्यातून फोन आला. सुरुवातीच्या वर्षांत ज्या लेकरांचे पाय केले होते ती आता मोठी झाली आहेत, ती कशी चालतात, काय दुखतं, हे पाहायचं आहे. मंगळवारी या.

"जाऊ नं आई," अपेक्षा म्हणाली. "मले पाह्याचं हाये, दुसऱ्यायचे पाय कसे झाले त."

चंद्रकला म्हणाली हरभरा काढायचा आहे. तुलाराम म्हणाला हरभरा मी पाहतो. गेल्या दोघी.

मॅडमचे केस पांढरे झाले होते. त्यांनी अपेक्षाला चवड्यांवर उभं केलं, उकिडवं बसवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. उजव्यावर तीन झाल्या. पोटऱ्यांना टेप लावली.

"दुखतं का गं?"

"लांब गेलं त संध्याकाळी ठणकते. अन् रोवणीत चिखलात उभं राहणं होत नाही. बाकी सायकल चालवणं, कॉलेजले जाणं होते."

"छान आहे. लग्न, नोकरी, मुलंबाळं, या पायानं काहीच अडायचं नाही." मॅडमनी कागद पुढे ओढला. "बूट किती महिने घातले होते?"

चंद्रकलानं तोंड उघडलं, पण अपेक्षा आधी बोलली. "मी टिकूच नाही देल्ले मॅडम. लाथा मारून काढत होती." मॅडमनी जुन्या कार्डावर नजर टाकली. तिथेही तेच लिहिलेलं होतं. त्यांनी तसंच उतरवलं, आणि म्हणाल्या, "बाहेर नवीन आया बसल्यात. त्यांना जरा तुझा पाय दाखव, बोल त्यांच्याशी. आमचं ऐकत नाहीत."

बाहेर बाकावर सात-आठ बायका होत्या. बाबुलालही तिथेच होता, निवृत्त झालेला, तरी मंगळवारचा येतो म्हणे, घरी बायको बडबड ऐकून घेत नाही. टोकाला खुशबू नावाची एक कोवळी आई बसली होती. मांडीवर तिचा गोलू, आठ-नऊ महिन्यांचा. दांडीचे बूट गोलूच्या पायात नव्हते, पिशवीत होते.

अपेक्षानं सलवार वर करून पाय दाखवला आणि आपली गोष्ट सांगितली, लाथांसकट. बायका हसल्या. खुशबू हसली नाही. ती विचार करत होती.

"मंजे ताई, तुमी बूट घातलेच नाही?"

"नाई नं."

"तरी चालून राहिल्या, कॉलेजात जाऊन राहिल्या." खुशबूनं सुटकेचा श्वास सोडला आणि शेजारणीकडे वळली. "पाहा नं मावशी. हाबी लाथा मारते. माया सासूले रडणं सहन होत नाही. लेकरालेच नको हाये त आपण कायले जबरदस्ती करा?"

"तसं नाही वं," अपेक्षा म्हणाली. "पाहू दे तुझे बूट." तिनं पिशवीतून ते काढले. ती पहिल्यांदाच हातात घेत होती. हसत हसत तिनं पट्टा सोडून पाहायला घेतला. तो निघेना. तिनं अंगठा घातला, नखाखाली टोचलं, तेव्हा कुठे बक्कल सुटलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिनं बाबुलालकडे पाहिलं.

"काका, हे लेकराले सुटते?"

"ढिले बांधले त पाय सरकून निघते. बरोबर बांधले त लेकराची काय बिशाद." बाबुलाल म्हणाला आणि लगेच छताकडे पाहू लागला.

"आई," अपेक्षा म्हणाली, "मी तवा केवढी होती?"

खुशबूचा गोलू दांडीकडे हात नेत होता. चंद्रकलाला वाटलं, अजूनही म्हणता येईल की ढिले बांधले गेले असतील. इतकं म्हटलं तरी पुरेल. पण खुशबू तिच्याकडे पाहत होती, आणि ते बूट पिशवीत परत जाणार होते हे तिला दिसत होतं.

"दहा महिन्याची," ती म्हणाली. "तू नाही काढले. मी काढले. मंडईले सोयरे आले होते, तुह्या आत्याले पाहाले. कोणी पाहू नये म्हणून ढोलीत पुरले. मंग मले झोप भेटून राहिली, म्हणून घातलेच नाही." ती खुशबूकडे वळली. "अन् तुले ही चालताना दिसून राहिली नं, ते दुसऱ्या डाव प्लास्टर अन् ऑपरेशन करून चालते. सहा वर्साची असताना ऑपरेशन. लाथा मारतेच लेकरू, पंधरा दिवस मारते. घाल त्याले. आता घाल, माया समोर."

खुशबू घाबरून बाकावरून खाली फरशीवर बसली आणि गोलूच्या पायात बूट चढवू लागली. बाबुलालनं पट्टा आवळून दिला. वर न पाहता तो म्हणाला, "मले माईत होतं ताई. त्या बुटाले पायाचा वास नव्हता येत. धानाचा येत होता."

"मंग बोलले काहून नाही, भाऊ?"

"बोललो असतो त तुमी येणंच सोडलं असतं. मंग ऑपरेशनबी नसतं झालं."

चंद्रकलाच्या अंगावरचं लुगडं कोणी ओढून नेलं असतं तरी तिला एवढं उघडं वाटलं नसतं. दोन वर्षं तिनं राख चोळली, आणि हा माणूस एवढी वर्षं वास घेऊन गप्प राहिला. ती आत गेली आणि मॅडमना म्हणाली, ते कागदावरचं खोडा, मुलीनं काढले नाहीत, आईनं काढले, सहा महिन्यांनी. मॅडमनी खोडलं. त्या रागावल्या नाहीत. घालूनही काहींचा पाय फिरतो, असं काहीतरी म्हणाल्या. चंद्रकलाला ते ऐकू आलं, पण घ्यावंसं वाटलं नाही.

बसस्टँडपर्यंत अपेक्षा पुढे चालली. मोहाडीवरून जाणारी तुमसरची गाडी लागायची होती. खांबाशी उभं राहून ती बोलली, चंद्रकलाकडे न पाहता.

"पायाचं जाऊ दे. आत्याचं लग्न होतं, तू भेली, समजते मले." तिनं खांबाला पाठ टेकवली. "ऑपरेशनच्या दिवशी मले आत नेऊन राहिले होते. मी तुह्या पदराले धरून म्हटलं होतं, आई, मले नका नेऊ, मी आता कधीच बूट नाही फेकणार. आठवते तुले?"

आठवत होतं. हिरव्या कपड्यातली सहा वर्षांची पोर आणि तिची ती बारीक मूठ. पण चंद्रकलानं ती आठवण इतकी खोल ठेवली होती, की ती अपेक्षाकडेही असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"तवा तू काय म्हटलं?"

खोटं सांगणं शक्य होतं. नाही आठवत, असंही म्हणता आलं असतं.

"म्हटलं," चंद्रकला म्हणाली, "शहाणी हो आता."

अपेक्षानं मान हलवली. म्हणजे तिलाही तेच आठवत होतं.

गाडी भरलेलीच आली. शिरता शिरता एक जागा मिळाली. अशी एकच जागा मिळाली की अपेक्षानं बसायचं, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी बोलतही नसे. आज ती म्हणाली, "तू बस," आणि पुढे जाऊन दांडा धरून उभी राहिली. चंद्रकला बसली. वरठीपर्यंत तिनं पाहिलं, गाडी हिंदकळली की अपेक्षा सगळा भार डाव्या पायावर घेत होती.

वरठीला माणसं चढली, गर्दी सरकली. खिडकीजवळच्या एका म्हातारीनं अपेक्षाला खालपासून वर पाहिलं. "पायाले काय झालं वं पोरी?"

चंद्रकलाला वाटलं, आता ती हसेल, लाथांची गोष्ट सांगेल.

अपेक्षानं मान वळवून फक्त मागे, आईकडे पाहिलं. तिच्या पाठोपाठ म्हातारीनंही पाहिलं, आणि मधल्या दोघा-चौघांनीही.

"माही पोरगी हाये जी ते," चंद्रकला म्हणाली. गाडीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागलं. "जन्माचा वाकडा होता. दवाखान्यानं सरळ करून देल्ला होता. मी बूट काढून ठेवले, म्हणून बिघडला. तिची काही चूक नाही."

कंडक्टरनं मागे वळून पाहिलं. कोणीतरी च्‌ च्‌ केलं. ते अपेक्षासाठी होतं की तिच्यासाठी, चंद्रकलाला कळलं नाही. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरून बसली, आणि मोहाडी अजून किती लांब आहे ते खिडकीतून पाहायचीही तिला लाज वाटली.

म्हातारी सरकली आणि वीतभर जागा करून म्हणाली, "बस वं माय."

अपेक्षा बसली. तिच्या शेजारी, आईकडे पाठ करून.